विचारायचं राहिलेलं

गुरुजींचा रक्तदाब आजही एकशे ऐंशी. असंच चाललं तर अर्धांगवायू ठरलेला. तीन महिन्यांत सुवर्णपदकविजेत्या डॉक्टर निरंजनने एका गोळीच्या तीन केल्या, मीठ तोडलं, आरोग्य केंद्राचं यंत्रही दोनदा तपासलं. दारूचं तेवढं विचारलं नव्हतं. ज्यांनी कान पिळून पाढे शिकवले, त्यांना असं विचारतात का? त्याने पुन्हा यंत्रावरच संशय घेतला.

पट्टा सोडताना सिस्टर शेवंताबाईंनी सहज विचारलं, “गुरुजी, रोज किती घेता?”

“तीन पेग.”

निरंजनचे कान तापले. “आधी सांगायचं ना, गुरुजी.”

“तू विचारशील म्हणून थांबलो. वर्गातही तुझं हेच. सगळं पाठ, पण शंका विचारायला हात वर नाही.”

निरंजनने निमूटपणे हात वर केला. “कमी कराल?”

“एकावर येतो. हात खाली घे.”