आजीचं खास पिंप

रेमेदिओस आजी पिंपावर बसली ती बसलीच. स्पेनमधल्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाल वाइन व्हायची, आणि अकरा वर्षं मुरलेलं सगळ्यात खास पिंप न्यायला माद्रिदहून व्यापारी आला होता.

"आई, ऊठ! हा रिकाम्या हातानं गेला तर यंदाचा सगळा माल पडून राहील," मुलगा आन्सेल्मो कळवळला.

"घरातल्या थोरल्यानं चाखून 'मुरली' म्हटल्याशिवाय पिंप हलत नाही. मी अजून म्हटलेलं नाही."

व्यापारीही हट्टी. समोर खुर्ची टाकून बसला. दोन दिवस दोघं तिथंच जेवली, तिथंच पेंगली. प्यायला होती घरची रोजच्या जेवणातली साधी वाइन, आणि तोंडी लावायला आजीच्या थापा. तिसऱ्या दिवशी तो ओठ पुसत म्हणाला, "आजी, तुमचं पिंप राहू द्या. मला हीच द्या, सगळी!"

गाडी वळणाआड गेल्यावरच आजी उठली. आन्सेल्मोनं पिंपावर टिचकी मारली. आतून ढोलासारखा आवाज आला.

"आई! सगळी प्यायलीस?"

"अकरा वर्षं रोज पेलाभरच चाखत होते रे," आजी एप्रन झटकत म्हणाली. "मुरलीय, ही खात्री शेवटच्या पेल्याला पटली."