मी मागे वळले

"ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" वार्ताहर मुलीने विचारलं आणि माइक तिच्या हातात दिला.

प्रदर्शनाच्या दालनात चारही भिंतींवर तिने काढलेले फोटो लागले होते आणि एकाही फोटोत घटना नव्हती. होते ते नुसते बघणारे. आग बघणारे, अपघात बघणारे, पाडली जाणारी इमारत बघणारे. माना उंचावलेल्या, तोंडं उघडी, कुणाचा हात कुणाच्या दंडावर.

"कापडाच्या गोदामाला आग लागली होती," ती म्हणाली. "आम्ही सगळे फोटोग्राफर ज्वाळांकडे धावत होतो. आणि कसं कोण जाणे, मी मागे वळले. तर समोर हे चेहरे."

टाळ्या पडल्या. वाक्य सुरेख बसलं होतं, तिलाही ते जाणवलं. टाळ्या ओसरत असताना तिची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. तिच्या मुलीशेजारी बोका बसला होता. सगळ्यांसारखाच टाळ्या वाजवत.

घाऱ्या डोळ्यांमुळे त्याला पेपरात सगळे बोकाच म्हणत. ती कामाला लागली तेव्हा तो तिथला जुना फोटोग्राफर. त्या आगीच्या दिवशी ती धूर गिळत पुढे घुसत होती, तेव्हा यानेच तिचा खांदा धरून तिला गर्रकन फिरवलं होतं. "आग काय, सगळेच काढतील. बघणाऱ्यांकडे बघ, वेडे!" पुढे त्याच्या हातांना कंप सुटला. त्याने कॅमेरा सोडला आणि भावाकडे दुसऱ्या गावी राहायला गेला. निमंत्रण तिने आठवणीनं पाठवलं होतं. तो येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

अजून वेळ गेली नव्हती. माइक हातातच होता. 'थांबा, एक सांगायचं राहिलं,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण वार्ताहर मुलीने कॅमेरा कोणता वापरता असं विचारलं, आणि तिने त्याचं उत्तर दिलं.

चहासाठी लोक उठले तशी ती गर्दीतून वाट काढत मागे गेली. बोका आगीच्या फोटोसमोर उभा होता. तिची मुलगी त्याचा हात धरून. लहानपणापासून ती त्याला मामा म्हणायची.

"बोक्या!"

"या, बाईसाहेब." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "केस बरेच ओव्हरएक्सपोज झालेत की तुझे, पार पांढरे."

ती हसली. मग हसू तिथंच अडलं. "ते मघाशी... माइकवर मी जे..."

"छानच बोलली असशील. पण मागे काही ऐकू येत नव्हतं गं. अगदीच पिचका माइक तुमचा."

माइक उत्तम होता. मुलीने आईकडे एकदा पाहिलं आणि नजर भिंतीकडे वळवली.

"बोक्या, ऐक ना जरा."

"आधी हे बघू दे." तो फोटोच्या आणखी जवळ सरकला. "ही कडेची म्हातारी. सगळे आगीकडे बघतायत आणि ही स्वतःच्या पायांकडे. हिला कुठून हेरलीस? खरं सांगतो, मला नसती दिसली."

त्याने हे अगदी मोकळ्या मनाने म्हटलं. ती म्हातारी तिला दिसली होती, कारण त्याने तिला त्या बाजूला वळवलं होतं. हेच बोलायचं होतं. ती वाक्य जुळवत राहिली, तेवढ्यात दालनाच्या व्यवस्थापक बाई लगबगीने आल्या.

"मॅडम, पाहुण्यांबरोबर एक फोटो! चला चला, सगळे या." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपला फोन बोक्याच्या हातात दिला. "काका, जरा काढता का? काही अवघड नाही, हे गोल बटण दाबायचं, बस्स."

"अहो, हे कोण आहेत माहितीये का..." मुलगी पुढे झाली.

बोक्याने तिला मानेनेच गप्प केलं. "दाबतो की. त्यात काय."

पाहुण्यांनी तिला मधे घेतलं. कुणीतरी हातात फुलं दिली. समोर बोक्याने खांबाला पाठ टेकली, कोपर छातीशी घट्ट दाबून धरलं आणि फोन वर केला. सगळे हसले. हसून गाल दुखायला लागले, तरी तो बटण दाबेना.

"काका, काढताय ना?"

"काढतोय, काढतोय."

ती त्याच्याकडेच बघत होती. मग बारीकसा आवाज आला. त्याने फोन बाईंच्या हातात ठेवला, मुलीच्या डोक्यावर हात फिरवला आणि "बस चुकेल माझी" म्हणत जिन्याकडे निघाला. ती मागोमाग निघणार, तोच प्रमुख पाहुण्यांनी तिला दुसऱ्या कुणाची तरी ओळख करून द्यायला थांबवलं. मोकळी झाली तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. खाली रस्त्यावरही नव्हतं.

घरी जाताना गाडीत व्यवस्थापक बाईंनी पाठवलेला तो फोटो फोनवर आला. मुलीने तो दोन बोटांनी मोठा केला आणि आईपुढे धरला.

फोटो जराही हलला नव्हता. सगळ्यांचे चेहरे लख्ख, सगळे हसरे. ती एकटीच हसत नव्हती. तिचे ओठ अर्धवट उघडे होते, काहीतरी बोलायला निघालेल्या माणसासारखे.