पळालेला ठेका

"ह्यो मी न्हवं." बाबांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

मी चिडलेच. माझ्या पॉडकास्टच्या नव्या मिक्ससाठी त्यांच्या हलगीची जुनी कॅसेट मी आठवडाभर साफ करत होते. कुठल्याशा वरातीतलं ते रेकॉर्डिंग, आणि त्याखाली माझा टेक्नोचा बीट. हलगी एके ठिकाणी भलतीच पुढे पळायची, म्हणून तिचा एकेक ठोका कॉम्प्युटरवर मागे ओढून मी बीटवर बसवला होता.

"बाबा, तिथं तुमचा ठेका पळाला होता. मी सरळ केला."

"आन् तुला कुणी सांगितलं सरळ करायला? पळव की तुझ्या मशीनला हलगीच्या मागं!"

धुसफुसत मी सगळी दुरुस्ती पुसली. हलगी पळाली तिथं बीटही पळवला, ती सावरली तिथं सावरला. मग स्पीकरवर लावलं, तर माझाच पाय आपोआप ताल धरायला लागला.

पिठाच्या हातांनी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अगंबाई, ही तर आमच्या मामाच्या लेकीची वरात! तवा आपलं लग्न कुठं झालं हुतं? मी वऱ्हाडाला पाणी द्यायला दारात आले, आन् नेमका तुमचा ठेका पळाला. मला वाटलं, दमला असाल."

मांडीवर वाजणारी बाबांची बोटं थांबली.

"दमलो न्हवतो," ते म्हणाले.

आईनं पिठाचे हात पदराला पुसले. मग माझ्याकडे वळली.

"तेवढंच परत लाव गं."