स्वारी निघाली सासरी

एमआरआय स्कॅनआधी लोखंडाच्या बारीक कणांचं ते तांबूस औषध पेशंटला टोचलं, की ट्रेमध्ये सांडलेला थेंब हळूच मशीनच्या चुंबकाकडच्या भिंतीकडे सरकायचा. "निघाली स्वारी सासरी!" स्कॅनवाल्या बाई म्हणायच्या.

आज स्वारी उलटी, बाईंकडेच निघाली.

बाई डावीकडे सरल्या, थेंबही वळला. उजवीकडे सरल्या, तोही तिकडे. "चावटपणा पुरे हं," त्या म्हणाल्या आणि ट्रे दूर सारला.

तेवढ्यात दार ढकलून पेशंट आजी आत डोकावल्या. "सुई कधी टोचणार, बाई? बाहेर बसून बसून अंग आखडलं."

"अहो आजी, आत्ताच नाही का टोचली?"

आजींनी दोन्ही बाह्या वर सारल्या. कुठेच खूण नव्हती.

बाईंनी नकळत स्वतःचं कोपर चाचपलं. तिथे कापसाचा बोळा चिकटवलेला होता, अजून ओला.