थप्पडवीर

सोनईत रेडिओ दुरुस्त करणारा इब्राहिम रेडिओच्या छंदाला वाहिलेल्या एका मासिकात चित्रकथाही काढायचा. तिचा नायक महापराक्रमी थप्पडवीर. धोतरावरून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, पाठीवर फडफडणारं उपरणं. मोटार बंद पडो की विमान, एक थप्पड मारली की काम फत्ते! हा थप्पडवीर मिशांसकट गावातल्याच कानिफतात्यांवरून उचललेला होता. रेडिओ खरखरला की आधी थप्पड आणि मग इब्राहिमचं दुकान, ही तात्यांची जुनी खोड.

एका सकाळी तात्याच ते मासिक घेऊन दुकानात आले. इब्राहिमनं दोन्ही गाल झाकायचेच काय ते बाकी ठेवले.

"ह्यो तू काढला?"

"चुकलं, तात्या."

"चुकतंय कशाचं! हसून हसून प्वाट दुखलं. असली अडानी मानसं खरंच असत्यात व्हय रं? यंत्राला कुनी मारतं का?" तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बरं, माझा रेडिओ झाला का?"

"तीन दिस झाले खोलून बसलोय. बोलतच न्हाई."

तात्यांनी बोलता बोलता रेडिओला एक ठेवून दिली. आतून खणखणीत बातम्या सुरू झाल्या.

पुढच्या अंकात थप्पडवीराच्या जोडीला एक नवं पात्र आलं: दोरी बांधलेला चष्मा लावून तीन दिवस स्क्रू-ड्रायव्हर फिरवत बसलेला मेकॅनिक.

त्याला मात्र तात्यांनी पाहताक्षणी ओळखलं.