सगळे घरात या

छापखान्यात कागद कापताना त्याचं लक्ष उडालं आणि बोट गेलं. मालकाने बोटाचं विचारलं नाही, वाया गेलेल्या कागदाचं विचारलं. "पुन्हा तंद्री लागली तर कायमचा घरी बस," म्हणाला.

म्हणून तो रोज सकाळी डोळे मिटून बसू लागला. मेव्हण्याने शिकवलं होतं, "मन भटकणारच, दाजी. चिडायचं नाही. हळूच परत बोलवायचं."

तो बोलवायचा. दर वेळी दाराची कडी वाजायची आणि अनवाणी पावलं फरशीवरून येऊन त्याच्याजवळ थांबायची. डोळे उघडले की दार आतून बंदच. बायकोला सांगितलं तर ती हसली, "मनाला म्हणावं, आधी पाय पुसून ये!"

आज मन दहा दिशांना उधळलं होतं. नोकरी जाणार या धास्तीने त्याचा तोल सुटला आणि तो ओरडलाच, "कुठे उंडारताय? सगळे घरात या!"

कडी वाजली. पावलं आली. येतच राहिली. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना कुणाचे तरी गार गुडघे टेकले.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको कुजबुजली, "अहो, काही झालं तरी डोळे उघडू नका."