पाझर

गॉज उचललं की रक्त पुन्हा यायचं.

भैरूच्या नाकाच्या शेंड्यावरची गाठ काढून बराच वेळ झाला होता. गाठ तरी केवढी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. तपासणीसाठी ती बाटलीत जाऊनही पडली होती. जखम उथळ होती, टाक्याची गरज नव्हती. अशा वेळी औषधाचा बोळा फिरवायचा, रक्त थांबतं, पट्टी लावायची, माणूस आपल्या पायांनी घरी जातो. पौडच्या या छोट्या दवाखान्यात डॉक्टर मेधाने असं कितीतरी जणांचं केलं होतं.

आज रक्त ऐकत नव्हतं. एकाच ठिकाणाहून येत असतं तर तिने ती जागा डागली असती. पण ते सगळीकडून पाझरत होतं. तिने आधी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा बोळा फिरवला. जखम पांढुरकी झाली, कोरडी वाटली, आणि बघता बघता पुन्हा लाल ठिपके उमटले. मग अ‍ॅड्रिनॅलिनमध्ये भिजवलेलं गॉज. तेही भरलं. मेधाच्या मानेवर घाम आला.

"बाबा, खरं सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

"न्हाई म्हनलं ना," भैरू म्हणाला. "हार्टचं झालं तवा पुण्यात छातीत जाळी बसवली, गोळ्या दिल्या. म्या धरणात फेकल्या. गोळ्यांवर जगायला मी काय मेलेला हाय? अजून एकटा व्हडी घालतोय. जाळं वढतोय."

तो मुळशी धरणावर मासेमारी करायचा. गोळीविना बरा झालो, हे गावात त्याने ज्याला त्याला सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधी मेधालाही हेच सांगितलं होतं, आणि तिने ते मानलं होतं.

दाराशी त्याची बायको साळूबाई होती. ती बाकावर बसायची, लगेच उठायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. नर्स शारदाने तिला दोनदा खाली बसवलं. ती पुन्हा दारात.

मेधाने गॉज बदललं. पुन्हा लाल.

"बाबा, मग मला वेगळीच शंका येतेय. तुमचं रक्तच नीट गोठत नसेल. रक्ताचा एखादा आजार असू शकतो. पट्टी घट्ट बांधून आजच पुण्याला पाठवते. सगळ्या तपासण्या करून घ्या."

भैरूने टेबलाची कड घट्ट धरली.

"रक्ताचा म्हंजी," त्याचा आवाज एकदम बारीक झाला, "क्यान्सर का वो बाई?"

"काहीच न्हाई झालेलं तुमास्नी!"

साळूबाई आत आली होती. आडव्या आलेल्या शारदाला तिने हाताने बाजूला सारलं.

"बाई, गोळी चालू हाय. मी देती."

भैरू उठायला गेला. मेधाने एका हाताने त्याचा खांदा दाबला, दुसऱ्याने नाकावरचं गॉज. "हलायचं नाही. बोलायचंही नाही. नाक हलतंय."

"ह्यांनी फेकल्या, मी दुसऱ्या आनल्या," साळूबाई म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "पुण्याच्या डाक्टरनं बजावलं व्हतं, गोळी सुटली तर जाळी तुंबंल. समजावून बगितलं. ह्यांनी ताट लोटलं. मग मी गोळी कुटून गुळात घालाय लागली. सकाळी धरणावर जायच्या आदी गुळाचा खडा. रोज."

"मावशी, मला तरी सांगायचं!"

"ह्यांच्या म्होरं कसं सांगू? कळलं की सोडायचे. आज कळलंच आता." तिचा आवाज फुटला. "आता ह्ये सोडनार, बाई."

मेधाला तिच्यावर रागवावंसं वाटलं. ते जमलं नाही. "गोळी बंद करायची नव्हतीच," ती म्हणाली. "मला फक्त माहीत हवं होतं. आता हे थांबेल. वेळ लागेल, पण थांबेल."

तिने ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडची कुपी फोडली. धरलेली गुठळी विरघळू नये म्हणून हे औषध असतं. त्यात गॉज भिजवून तिने जखमेवर ठेवलं, वर बोट दाबलं आणि या वेळी अजिबात उचललं नाही.

भैरूचे डोळे छताला लागले होते. चेहरा तापलेला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तोंडाशी आलेलं त्याला काहीच बोलता येत नव्हतं. साळूबाई भिंतीला टेकून उभी होती. बाहेर स्टँडवर एसटी लागली, कंडक्टरने कोळवण, कोळवण असं ओरडून घेतलं, गाडी गेली. आत कुणी हललं नाही. कधीतरी भैरूची मान साळूबाईकडे वळू लागली. मेधाने ती सरळ केली. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. मेधाने तेही टिपलं.

मग तिने बोट काढलं. गॉज हळूच सोडवलं. वाट पाहिली.

जखम कोरडी होती.

पट्टी लावून तिने त्याला उठून बसवलं. "आता बोला."

भैरूने टेबलाखाली पाय सोडले. चपला चाचपल्या. बायकोकडे न बघता तो म्हणाला, "उद्यापास्नं मला गूळ देऊ नगंस."

साळूबाईने डोळे मिटून घेतले.

"गोळी हातावर दे."